मिठात ठेवलेली टाकी

मी एका जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी आहे. गोष्ट सांगायची रीत आहे म्हणून तुम्हाला 'मित्रांनो' म्हणते. मनापासून म्हणत नाही. माणसांशी माझं फारसं सख्य नाही. का नाही, ते आधी ऐकून घ्या. मग तुम्हाला माझा राग आला तर येऊ द्या.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन तुकडे दाबून, वाकवून, एकमेकांना जोडले की टाकी होते. बाहेरून मला हिरवा रंग दिला, कारण मला लढाईवर जायचं होतं. आतून मात्र कुणी रंग दिला नाही. टाकीला आतून कुणीच रंग देत नाही, मित्रांनो. आत असतं ते नागडं लोखंड, आणि पेट्रोल हेच त्याचं पांघरूण. ते काढून घेतलं की हवा आत शिरते, हवेच्या पदराला धरून ओल शिरते, आणि ओलीच्या मागोमाग गंज. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. सांगायला तोंड होतं, पण त्यावर झाकण होतं.

त्रेचाळीस साली बोटीतून मी मुंबईच्या गोदीत उतरले. तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत गेले. कुणीतरी गोरा शिपाई माझ्यावर बसायचा, चामड्याच्या थैलीत कागद घेऊन धुळीतून धावायचा. त्यानं माझं नाव विचारलं नाही, मी त्याचं विचारलं नाही. मग एक दिवस लढाई संपली. आपण जिंकलो, असं सगळे ओरडत होते. जिंकल्यावर आम्हा दीडशे गाड्यांना उघड्या मैदानात एकावर एक रचून ठेवलं. जिंकणं म्हणजे काय असतं, ते मी तिथे पाहिलं.

त्या ढिगातून मला दयारामनं काढलं.

दयाराम हा पनवेलपासून दीड कोसावरच्या एका खारातल्या गावचा आगरी. दिवाळीनंतर मिठागरावर काम करायचा, पावसाळ्यात खाडीकाठच्या खारजमिनीत भात लावायचा. लढाईच्या दिवसांत तो छावणीत गाड्या धुवायला होता. धुता धुता चालवायला शिकला. छावणीचा भंगार माल ज्या ठेकेदारानं घेतला, त्याला गाड्या ओढायला बैल हवे होते. दयारामच्या दावणीला चांद्या आणि हौशा अशी जोडी होती. त्यानं ती जोडी दिली आणि मला घेतलं. घरी विचारलं नाही.

गावाच्या बांधावरून आम्ही फटफटत आलो तेव्हा अर्धा गाव मागून धावत होता. दयारामची बायको गोदू दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. रस्ता संपेपर्यंत पाहिलं. बैल येत नव्हते.

"बैल कंच्या वाटंनं येतान?" तिनं विचारलं.

"येत नाय," दयाराम म्हणाला. "हीच ती बैलं. चार बैलांचं बल हाय हिच्यात. बस मागं."

गोदू बसली नाही. पुढे सहा वर्षांत ती एकदाही बसली नाही.

गोदू साधीसुधी बाई नव्हती. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी धवले गाऊन जी बाई लावते, ती धवलारीण. तिच्या तोंडून गाणं आल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. पंचक्रोशीतल्या लग्नांना गोदूला मान होता. अशा बाईशी वैर म्हणजे नुसतं वैर नाही, ते गाण्यात जातं. मी आले त्या रात्रीच जात्यावर माझा उद्धार झाला:

बैल गेलं दावनीचं, दावन झाली सुनी गो
लोखंडाची सवत आली, पेट्रोल तिचं पानी गो

सकाळी पाणवठ्यावर बायका हे गाणं गात होत्या. दोन दिवसांत शेजारच्या गावातही पोचलं. माझ्या दिव्याच्या उजेडापेक्षा ते गाणं पुढे धावायचं.

दयाराम मात्र माझ्यावर जीव टाकायचा. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी स्वतःच्या सदऱ्यानं मला पुसायचा. कुणाला फुरसं चावलं, कुणाची बाई अडली, की दयारामच्या दारात हाका यायच्या. मग आम्ही पनवेलच्या दवाखान्याकडे सुटायचो. लोक माझ्यावरून हात फिरवायचे. म्हातारे म्हणायचे, "मशीन लक्ष्मीची हाय." मला ते आवडायचं. गोदू तेवढी पाच-पाच मैल चालत लग्नांना जायची. वाटेत आम्ही तिला ओलांडून जायचो, आणि ती पदर नाकाला लावायची.

त्रेपन्न सालच्या ज्येष्ठात दयाराम बांधावर घसरला आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. उजव्या पायानंच किक मारायची असते. त्यामुळे गाडी उभी राहिली. पेट्रोल ठेवलं तर घरात आगीची भीती, म्हणून त्यानं ते काढून घेतलं. माझं पांघरूण गेलं.

आणि मग त्यानं ती गोष्ट केली, जी मी अजून विसरले नाही.

मिठागरातल्या माणसाचा मिठावर फार विश्वास. मासळी मिठानं राहते, चिंच मिठानं राहते. तांदळाच्या कणगीत मिठाची पुरचुंडी ठेवतात, म्हणजे ओल तांदळाला न लागता मिठाला लागते. दयारामनं वाफ्यातलं सगळ्यात पांढरं मीठ निवडलं. दोन दिवस उन्हात वाळवलं. चाळलं. लंगडत लंगडत पडवीत आला, कागदाचं नरसाळं केलं आणि ते मीठ माझ्या पोटात गळ्यापर्यंत भरलं. झाकण लावलं, वरून मेणकापड बांधलं.

"आता पाऊस काय करंल तुला?" माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "मिठात काय सडतं का?"

एवढ्या मायेनं मला कुणी कधी मारलं नव्हतं.

टाकीच्या झाकणाला श्वासासाठी एक बारीक भोक असतं. खाडीकाठचा चार महिन्यांचा दमट वारा त्या भोकातून आत येत राहिला. मीठ तो वारा पीत राहिलं. पिऊन पिऊन मिठाला पाझर फुटला, आणि तो पाझर माझ्या नागड्या अंगावर उतरला. आधी खाज सुटली. मग आग झाली. मग पापुद्रे सुटू लागले, जुन्या भिंतीचे सुटतात तसे. बाहेरून मी तशीच हिरवीगार. दयाराम रोज येऊन बाहेरून पुसायचा.

त्याच वर्षी श्रावणातल्या पुनवेला उधाण आलं आणि बांध फुटला.

खारजमिनीची एक रीत आहे, मित्रांनो. समुद्र आणि भात यांच्यामध्ये एकच मातीचा बांध असतो, आणि तो घराघराला वाटून दिलेला असतो. ज्याचा तुकडा त्यानं राखायचा. खेकड्यांची बिळं त्यानं बुजवायची, माती त्यानं टाकायची. पण फुटला तर पाणी तुकडा बघत नाही, सगळ्यांच्या शेतात जातं. फुटला तो दयारामचा तुकडा होता. तो खाटेवर होता, गोदू एकटी डोक्यावरून टोपल्या वाहत होती, आणि माती ओढायला बैल नव्हते. अकरा घरांचं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या करपलं.

त्या दिवसापासून गावानं दयारामच्या घराला वाळीत टाकलं नाही, पण वाळीत टाकल्यापेक्षा वाईट केलं. कुणी काही बोललं नाही. बैल मागायला गेलं की बैल आजारी असायचे. चिखलमातीचा आडवा बांध घालून लोकांनी आपापलं थोडं वाचवलं, पण मोठं भगदाड तसंच राहिलं, कारण ते दयारामचं होतं. आणि गावातल्या लग्नाला दुसऱ्या गावची धवलारीण आणली. मांडव गोदूच्या घरापासून वीस पावलांवर होता. तिनं दार लावून घेतलं. आतून तिच्या ओठांचा आवाज मला ऐकू येत होता. दुसरी बाई चुकली की ही आत बरोबर म्हणायची.

तेव्हापासून गोदू नवऱ्याशी बोलेना. जे बोलायचं ते माझ्याशी बोलायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं.

"काय गो सवती, बरी हायस ना? तुजा धनी खाटंवर लोलतोय. जेवला का विचार त्याला."

"जेवलो," खाटेवरून दयाराम म्हणायचा.

"मी टाकीला विचारलं," गोदू म्हणायची.

अशी दोन वर्षं गेली. दयारामचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. आणि पंचावन्न सालच्या चैत्रात पनवेलहून अलीशेठ आले. त्यांची पनवेलला लाकडाची आणि सुक्या मासळीची वखार होती. त्यांनी नवीन ट्रक घेतला होता, म्हणून एक बैलजोडी गाडीसकट मोकळी झाली होती. त्यांना उरणपर्यंत रोज हिंडायला मोटारसायकल हवी होती.

गोदू दाराआडून पुढे आली. शेठना म्हणाली, "बैलं दाखवा."

"बैल वखारीत आहेत, बाई. उत्तम आहेत. पण गाडी चालू पाहिजे. पनवेल नाक्यावरून निघायचं, कळंबोलीपर्यंत जायचं, आणि आपल्या पायांनी परत यायचं. ढकलत आणलीत तर सौदा नाही. पुढल्या बाजाराच्या दिवशी. नाहीतर उरणचा एक जण जोडी मागतोच आहे."

दयाराम माझ्याजवळ सरकला. त्याचा हात माझ्यावर होता. गोदू माझ्याकडे बघून म्हणाली, "सवती, सांग त्याला. मिरगाच्या आधी भगदाड बुजलं तर भात हाय, लोकांम्होरं तोंड हाय. नाय बुजलं तर मी या गावात गानार नाय. मंग हा बसू दे तुला पुसत."

अलीशेठबरोबर दाऊद मिस्त्री आला होता. पनवेल नाक्यावर त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. माझ्या चांगल्या दिवसांत माझं सगळं तोच करायचा. दयारामनं मोठ्या अभिमानानं मेणकापड सोडलं.

"बघ दाऊद. कोरडी ठणठणीत आसंल."

झाकण उघडलं. दाऊदनं आरसा धरून उजेड आत पाडला. आत लाल दगड होता. मीठ आणि गंज एक होऊन त्याचा गोळा झाला होता.

"तोबा!" दाऊद म्हणाला. "दयाराम, ही टाकी हाय का लोणच्याची बरणी? मशीनला मीठ चारलंस?"

"राखायला घातलं रं."

"जन्म मिठागरात गेला तुझा! मीठ लोखंडाला खातं, ठाऊक नाही?"

"खारं पानी खातं," दयाराम म्हणाला. "ते मना ठावं हाय. पन मी सुकं घातलं. सुकं मीठ ओल पितं."

"आणि ओल पिऊन त्याचं काय झालं?"

दयाराम वाकून आत बघू लागला.

"खारं पाणीच झालं ना, शहाण्या!" दाऊद आरसा खिशात घालत म्हणाला. "मी हात लावायचा नाही. एका दिवसाचं काम असतं तर केलं असतं. हा नुसता गंज नाही, ही बेअदबी हाय."

तो बांधापर्यंत गेला होता. गोदू मागून धावली. "दाऊदभाय, तू लावू नको हात. कसं काडायचं तेवडं सांग. मी काडते."

दाऊदनं तिच्याकडे पाहिलं. ही बाई मला काय काय म्हणते, ते सगळ्या पनवेलला माहीत होतं.

"भाभी, तू? तुझी तर सवत ना ती?"

"म्हनूनच," गोदू म्हणाली. "सवतीला घराबाहेर काडायची तर न्हाऊ-माखू घालूनच काडाया पायजे."

दाऊदनं बोटांवर मोजत सांगितलं. आधी कढत पाण्यानं मीठ काढायचं. मग चिंचेचं घट्ट आंबट पाणी भरून तीन दिवस ठेवायचं. मग धारदार खडी घालून हात तुटेस्तोवर हलवायचं. मग सोडाखाराच्या पाण्यानं आंबटपणा मारायचा. "आणि मग लगेच, समजलीस, लगेच, तापल्या वाळूत ठेवून कोरडी करायची आणि तेल फिरवायचं. घटकाभर ओली राहिली तर गंज परत येईल. जवळ विस्तव आणायचा नाही."

"एवडे सोपस्कार तर बालंतनीला पन नसतान," गोदू म्हणाली.

मित्रांनो, त्या आठ दिवसांइतके हाल माझे लढाईतसुद्धा झाले नव्हते. मला गाडीवरून सोडवून, कढत पाणी ओतून, काठीनं ढोसून तिनं तो गोळा फोडला. पहिलं पाणी निघालं ते रक्तासारखं. सातवं निघालं ते चहासारखं. मग पेट्रोल खाली सोडणारा कॉक बसतो त्या भोकाला चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकली आणि चिंचेचं पाणी करायला बसली.

तिथे एक गोष्ट घडली. लग्नाची पितळी भांडी गोदू चिंच आणि मीठ लावून घासायची. धवलारणीच्या कलशाला डाग चालत नाही. सगळी हयात तिनं चिंचेत मीठ टाकलं होतं. चिंच कोळून झाली, पाणी माझ्यात ओतलं, आणि तिचा हात आपोआप मडक्याकडे गेला. मूठभर मीठ घेतलं. मूठ माझ्या तोंडावर आली.

"गोदू," ओटीवरून दयाराम हळूच म्हणाला. "मीठ."

तिची मूठ तिथेच थांबली. तिनं मुठीकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. मग तिनं मीठ परत मडक्यात टाकलं, कण न सांडता. त्या दिवशी दयारामच्या पुढ्यात भाताची थाळी आदळली नाही, नुसती ठेवली. एवढंच. माफी वगैरे काही नाही, आणि मीही माफ केलं नाही.

चौथ्या दिवशी खडी घातली. मला पोटाशी धरून ती पडवीत उभी राहिली आणि हलवू लागली. तांदूळ सडताना बायका लय धरतात, तशी लय धरली. आणि ज्या गळ्याला दोन वर्षं मांडव मिळाला नव्हता, तो गळा माझ्यावर सुटला:

चिंच पाजली सवतीला, खडी दिली चावाया गो
ओक भवाने सगला गंज, बैल माजं यावाया गो

शंभर वेळा, दोनशे वेळा. खडी माझ्या अंगावरून खरखरत फिरायची, एकेक पापुद्रा उचकटायची. ती थकली की खाली ठेवून शिव्या घालायची आणि परत उचलायची. तिच्या दंडांवर माझ्या कडांचे वळ उठले. शेजारची गंगाबाई कुंपणावरून ओरडली, "गोदू, दयारामची बायको हायस का दाऊदची नोकर?"

"तुज्या शेतातलं खारं पानी काडतेय, गंगाबाय," गोदू हलवता हलवता म्हणाली. "येतेस का हात लावाया?"

गंगाबाई कुंपणाआड गेली. थोड्या वेळानं कुंपणावर एक सूपभर चिंच ठेवलेली दिसली. ठेवणारी दिसली नाही.

सहाव्या दिवशी माझं आतलं अंग राखाडी चमकू लागलं. सोडाखार फिरला, तापल्या वाळूत मी सुकले, तेल फिरलं. पण सोडाखाराचं पाणी भरलं तेव्हाच बुडाशी दोन बारीक धारा लागल्या होत्या. गंजानं भोकं पाडली होती आणि गंजानंच ती बुजवून धरली होती. गंज गेला, भोकं उघडी पडली. गोदूनं मला चुंबळीवर घेतलं आणि तीन मैल चालत दाऊदच्या दुकानात नेलं.

दाऊदनं आरसा आत धरला. एकेक कोपरा बघितला. मग म्हणाला, "सुभानल्ला. कारखान्यातून आल्यासारखी केलीस, भाभी."

"भोकं पडल्यान."

"ती मी बुजवतो." त्यानं डाक लावायची सळई तापवली. हात लावायचा नाही, हे तो विसरला. कुणी आठवणही करून दिली नाही.

मग त्यानं मला परत गाडीवर बसवलं. बाजाराच्या दिवशी नाक्यावर ही गर्दी. अलीशेठ, दाऊद, आमच्या गावचे निम्मे लोक. दयाराम माझ्यावर बसला. उजवा पाय उचलला, पण किकवर जोर येईना. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "चार बैलांचं बल कुठं गेलं रे?"

गोदू गर्दीतून पुढे आली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. "सर," म्हणाली. आठ वर्षांचा राग होता त्या पायात. पहिली किक, दुसरी किक, आणि तिसरीला मी अशी गरजले की अलीशेठ मागे सरले. पोरं शिट्ट्या मारू लागली. गोदू हसली नाही. "जा," ती म्हणाली. यावेळी माझ्याशी बोलत होती की त्याच्याशी, मला कळलं नाही.

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना सपाट खार, पांढऱ्या मिठाचे ढीग, वर तापलेलं आभाळ. दोन वर्षांनी अंगात पेट्रोल खेळत होतं. कळंबोलीला वळसा घेतला. आणि परत येताना, माणूस नाही काणूस नाही अशा ठिकाणी, माझ्या कोपऱ्यात चिकटून राहिलेला एक शेवटचा पापुद्रा सुटला, वाहत गेला आणि कॉकच्या तोंडाशी अडकला. इंजिन खोकलं. खोकून बंद पडलं.

दयाराम उतरला. त्याला कारण कळलं होतं. माझं दुखणं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला. माझ्यावर हात ठेवला.

"हितंच राहिलीस तं माजीच राहशील," तो म्हणाला.

ते खरं होतं. ढकलत नेलं की सौदा मोडला. बैल उरणला जातील. भगदाड तसंच राहील. गोदू गाणार नाही. आणि त्याची लक्ष्मी त्याच्या पडवीत राहील. यावेळी तो मीठ घालणार नाही, दुसरं काहीतरी घालेल. मला त्याची भीती वाटली, मित्रांनो. मला त्याच्यापासून सुटायचं होतं. पण बंद पडलेली टाकी कुणापासून सुटणार?

तो उठला. रबरी नळी ओढून काढली, कॉकला तोंड लावलं आणि उलटी फुंकर मारली. माझ्या पोटात बुडबुडे उठले. पेट्रोल त्याच्या तोंडात आलं, तो थुंकला, परत फुंकलं. पापुद्रा सुटून मागे गेला. नळी बसवली. आता किक मारायला गोदू नव्हती. त्यानं मोडका पाय ठेवला आणि दाबला. ओरडला. परत दाबला. पाचव्या वेळी मी सुरू झाले, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पायाचं की कशाचं, ते मी विचारलं नाही.

नाक्यावर अलीशेठनी घड्याळ पाहिलं. "उशीर झाला?"

"लगवीला थांबलो हुतो," दयाराम म्हणाला.

दाऊदनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. पेट्रोलनं ते पांढरे पडले होते. "आपल्या पायांनी आली, शेठ," दाऊद म्हणाला. "द्या बैल. कॉकची जाळी मी साफ करून देतो."

त्या दिवशी गोदू बैलगाडीत बसून गावी गेली. दयाराम मागून लंगडत चालला होता. चिंचोळ्या वळणावर तिनं गाडी थांबवली. वळून पाहिलं नाही, नुसती थांबवली. तो चढेपर्यंत.

मिरगाच्या चार दिवस आधी भगदाड बुजलं. शेवटची माती तुडवायला अकराही घरं आली, गंगाबाई सगळ्यात पुढे. पुढच्या वैशाखात त्या गावच्या लग्नाला अलीशेठना आमंत्रण होतं, त्यामुळे मीही मांडवाबाहेर उभी होते. आत गोदू गात होती. हळदीचा धवला, तेलाचा धवला, वराच्या आईचा धवला. मी कान देऊन ऐकलं. माझ्यावरचं एकही कडवं तिनं म्हटलं नाही. खरं सांगू, मला जरा वाईटच वाटलं.

आता मी थकले आहे. अलीशेठनी दुसरी गाडी घेतली. त्यांच्या बायकोनं, अस्माबाईंनी, मला जुन्या गाडीवरून काढून वखारीच्या माळ्यावर ठेवलंय. आत तेल फिरवलेलं, झाकण बंद, पावसाळ्यात खाली चुलीची ऊब. दर दिवाळीला त्या मला खाली काढतात, आत बोट फिरवून बघतात, परत तेल फिरवतात. त्यांना माझ्याबद्दल काही वाटत नाही. त्यांना माझं कसं ठेवायचं ते माहीत आहे.

ज्यानं माया केली त्यानं मला गंजवलं. जिनं द्वेष केला तिनं मला घासून काढलं. तुम्ही म्हणाल, मग माया वाईट का? मला इतकं कळत नाही. मी पत्र्याची. एवढंच सांगते, की जी वस्तू सांभाळायची तिला काय सोसतं ते आधी विचारा. ती सांगू शकत नसेल तर जाणत्याला विचारा. आपल्या घरी जे चांगलं, ते तिच्याही पोटात चांगलंच, असं धरून चालू नका.

दयाराम अजून येतो. मिठाचा हंगाम संपला की वखारीत डोकावतो. अस्माबाई नको म्हणत नाहीत, शिडी लावून देतात. तो वर चढायला लागला की खालून म्हणतात, "हात धुऊन ये आधी. मिठागरावरनं आलायस."

तो मुकाट्यानं विहिरीवर जातो. कोपरापर्यंत हात धुतो, पंच्याला पुसतो, उन्हात धरून वाळवतो. आणि मगच मला हात लावतो.

मित्रांनो, तेवढं तुम्हीही करा.